दोन फुटी टँकमध्ये कोणते मासे सोडायचे? जोडीचा हिशोब सोडून निवड कशी करावी

मासे विकणाऱ्या दुकानात भाव जोडीवर असतो. गप्पीची जोडी, टेट्राची जोडी, एंजलची जोडी. त्यामुळे पहिल्यांदा टँक घेणारा माणूस आपसूक जोड्यांमध्येच विचार करू लागतो. एक जोडी ही, एक ती, मुलीला आवडल्या म्हणून दोन काळ्या मॉली आणि तळ साफ करायला एक सकर. घरी येतात सात मासे आणि जाती चार. यातले निम्मे थव्याने राहणारे असतात आणि दोघा-दोघांत बिथरून कोपऱ्यात दबून बसतात. उरलेले त्यांच्या मागे लागतात.

छोट्या टँकसाठी माझं मत ठाम आहे. एका जातीचा एक थवा, त्याच्या जोडीला एखादा देखणा मासा आणि पाणी मानवलं तर तळाला एक लहान गट. यापुढे जाऊ नये. एकाच जातीचे आठ मासे असलेला टँक रिकामा वाटेल अशी भीती असते, पण होतं उलटंच. थवा मोठा असला की मासे निर्धास्त होऊन मधोमध पोहतात, रंग धरतात आणि टँक भरलेला दिसतो.

आधी टँकचं माप

आपल्याकडे सर्रास मिळणारा टँक म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गणिताने तो ५६ लिटरचा. पण काचेची जाडी, दोन इंच खडी आणि वर सोडलेली इंच-दीड इंच जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४२ ते ४५ लिटरच राहतं. सगळा हिशोब या आकड्यावर करायचा.

‘लिटरमागे एक सेंटीमीटर मासा’ असा एक नियम सांगितला जातो. बारीक माशांपुरता तो चालतो, मोठ्यांना लावला की फसतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं आणि घाणही त्याच प्रमाणात वाढते. दहा सेंटीमीटरचा एक गोल्डफिश म्हणजे अडीच सेंटीमीटरचे चार टेट्रा नव्हेत. ४५ लिटरमध्ये पूर्ण वाढीला तीन ते पाच सेंटीमीटर होणारे बारा ते पंधरा मासे ही शेवटची मर्यादा समजा, आणि तीही पहिल्या दिवशी गाठायची नाही.

एक फुटी चौकोनी टँक असेल तर यादी फारच लहान होते. एकटा फायटर आणि एखादी गोगलगाय. गोल काचेच्या बाऊलमध्ये मासे ठेवूच नका. त्यात फिल्टरला जागा नसते आणि उन्हाळ्यात पाणी बघता बघता तापतं.

नळाला कोणतं पाणी येतं?

माशांची निवड खरं तर इथे ठरते, दुकानात नाही. मुंबई-पुण्याकडचं धरणाचं पाणी सहसा मऊ असतं. बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारांचं. सोसायटीत टँकर येत असेल तर पाणी महिन्यागणिक बदलू शकतं, आणि ही तिसरी परिस्थिती सर्वांत त्रासाची.

ओळखायला सोपी खूण म्हणजे न्हाणीघरातली बादली आणि गीझर. पांढरा, खरवडूनही न निघणारा थर बसत असेल तर पाणी जड. तरी एकदा मोजून घ्यावं. पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, तो आकडा) आणि जडपणा दाखवणाऱ्या पट्ट्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. नळाचं पाणी भरल्या भरल्या न मोजता बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग मोजा, कारण ताज्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा वेगळा येतो.

मग पाण्याला मानवणारे मासे आणायचे. माशांसाठी पाणी बदलायच्या फंदात नवख्याने पडू नये. पीएच खाली आणणारी औषधं आज आकडा उतरवतात, दोन दिवसांत तो पुन्हा चढतो, आणि माशांना या चढउताराचाच जास्त त्रास होतो. आरओचं पाणीही नुसतं वापरू नये, त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात.

जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली, स्वोर्डटेल ही पिल्लं घालणारी मंडळी खुशीत राहतात. मऊ पाण्यात रासबोरा, टेट्रा, हनी गौरामी आणि तळाशी राहणारे कोरी. झेब्रा डॅनिओ दोन्हीकडे निभावून नेतो.

पाण्याइतकंच तापमानही महत्त्वाचं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात घरातल्या टँकचं पाणी ३२ अंशांच्या वर सहज जातं. निऑन टेट्राला २० ते २६ अंश बरे वाटतात, म्हणजे विदर्भात उन्हाळाभर त्याचे हाल. त्याच रंगसंगतीचा कार्डिनल टेट्रा थोडा महाग पडतो, पण २८ अंशांपर्यंत तो निवांत असतो. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. गच्च भरलेल्या टँकमधले मासे उन्हाळ्यात पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात, ते यामुळेच. नाशिक-पुण्याच्या थंडीचा प्रश्न उलटा आहे. तिथे ५० वॅटचा, थर्मोस्टॅटवाला हीटर लावला की काम भागतं.

टँक ‘पिकवणे’: यात घाई नको

दुकानदार सांगतात, “दोन दिवस पंप चालवा, मग मासे टाका.” हा सल्ला ऐकून आणलेले मासे पहिल्या पंधरवड्यात पटापट जातात आणि घरात ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’ अशी समजूत होऊन बसते. लाभण्या-न लाभण्याचा काही संबंध नाही, कारण रसायनाचं आहे.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांसाठी विष, तिसरा बराच सौम्य आणि पाणी बदलून काढता येणारा. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात आणि ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखं स्वच्छ दिसलं तरी त्यावर विसंबू नये.

जड पाणीवाल्यांनी इथे जास्त जपायचं. अमोनियाचा खरा विषारी भाग किती, हे पीएचवर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की तोच वाटा सात टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून एकाच चुकीने एकाचे मासे मरतात आणि शेजाऱ्याचे तगतात.

करायचं ते असं. टँक भरा, पाण्यातला क्लोरीन अँटिक्लोरीनच्या थेंबांनी घालवा, फिल्टर अखंड चालू ठेवा आणि मासे नसतानाच रोज माशांच्या खाण्याचे चिमूटभर दाणे टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. तीनेक आठवड्यांनी तपासणीला लागा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसू लागेल. सलग आठवडाभर हे दोन्ही आकडे शून्य राहिले की टँक तयार झाला.

ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर काम निम्म्याने हलकं होतं. त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा घेऊन आपल्या फिल्टरमध्ये बसवा किंवा तो स्पंज आपल्या टँकच्या पाण्यात पिळा. जो तपकिरी गढूळपणा सुटतो त्याने घाबरू नका, तीच तर जिवाणूंची वस्ती. दुकानातल्या टँकमधलं मात्र असं काही घेऊ नका, त्याबरोबर रोगही घरी येतो.

फिल्टर बंद ठेवायचा नाही, रात्रीसुद्धा नाही. वीज तासन्‌तास जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर एवढी सोय आधी करावी, शोभेच्या वस्तू नंतर.

मासे आधीच घरात आले असतील तर? एका दिवसाआड पाव टँक पाणी बदलत राहायचं, दिवसातून एकदाच आणि अगदी थोडं खाणं घालायचं, नवीन मासा एकही आणायचा नाही.

एकमेकांशी पटेल का, हे कसं ओळखायचं

दुकानात दिसणारा मासा बहुधा पिल्लू असतो, म्हणून पहिला प्रश्न पूर्ण वाढीच्या लांबीचा. दुसरा, तो थव्यात राहतो की एकटा. तिसरा, पोहतो कुठे: वर, मधे की तळाशी. आणि चौथा, त्याला शेपट्या कुरतडायची खोड आहे का, किंवा त्याचीच शेपटी लांब आणि कुरतडण्याजोगी आहे का. या चारांची उत्तरं मिळाली की कोणाचं कोणाशी जमेल हे बऱ्यापैकी कळतं.

थव्याच्या माशांबाबत सहा हा कमीत कमी आकडा, आठ-दहा उत्तम. ब्लॅक विडो टेट्रासारखे मासे दोघे असताना दुसऱ्यांच्या शेपट्या तोडतात, आठ असताना बहुतेक आपापसांतच पळापळी करतात. दुकानदाराने जोडीचा भाव सांगितला तरी चार जोड्या मागाव्यात. आठ घेतो म्हटल्यावर भावही थोडा उतरतो.

आपल्या टँकमध्ये बसतील असे काही मेळ सांगतो.

मऊ पाणी, मध्यम हवामान: हार्लेक्विन रासबोरा आठ आणि हनी गौरामीचा एक नर. महिना-दीड महिन्याने पिग्मी कोरी पाच-सहा. नवख्या माणसाला मी हाच मेळ आधी सुचवेन. हार्लेक्विनच्या अंगावरचा काळा त्रिकोण थवा वळला की एकदम उठून दिसतो. हनी गौरामी मुळात भारत-बांगलादेशातला, पाच सेंटीमीटरच्या आत राहणारा आणि गौराम्यांमध्ये स्वभावाने मवाळ. त्याच्या जागी निळ्या-लाल पट्ट्यांचा ड्वार्फ गौरामी घ्यायचा मोह होईल, रंग खरंच देखणा असतो. पण नर हद्द धरून बसतात, आणि पैदाशीतून आलेले पुष्कळ मासे नाजूक निघतात. कोरी घेतलात तर तळाला टोकदार खडी नको. ते मिशांनी तळ चाचपत खातात आणि त्या मिशा झिजतात. बारीक वाळू टाका.

जड पाणी: प्लॅटी पाच, त्यात दोन नर आणि तीन माद्या. किंवा नुसते नर गप्पी सात-आठ. गप्पीची मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं घालते, आणि नराचं बीज साठवून ठेवत असल्याने नर काढून टाकल्यावरही काही महिने घालत राहते. एका जोडीपासून चार महिन्यांत टँक उतू जातो. नर ओळखायला सोपा: पोटाखालचा मागचा पर पंख्यासारखा नसून काडीसारखा असतो. आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला हौदात-विहिरीत जे साधे, मातकट गप्पी सोडतं, ते दुकानातल्या मोठ्या शेपटीच्या गप्पींपेक्षा कितीतरी चिवट. मिळाले तर पहिल्या टँकला तेच आणावेत, भले पाहुणे नाक मुरडोत. मॉली जड पाण्यातली असली तरी तिला दोन फूट कमी पडतात, ती आठ-दहा सेंटीमीटर होते.

थंडीचा गाव, पाणी कसंही: झेब्रा डॅनिओ आठ-दहा, सोबत नेराइट गोगलगायी दोन. झेब्रा आपल्याच देशाचा, जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा काटक मासा. १८ अंशांनाही त्याला हीटर लागत नाही. मात्र तो सतत धावतो. त्याच्याबरोबर फायटर किंवा गौरामीसारखे संथ मासे ठेवले तर खाणं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. टँकवर झाकण हवं, तो उडी मारतो.

दुकानात दिसतील, पण आणू नयेत असे

सकर पहिला. बोटाएवढा असताना काचेला चिकटलेला मजेशीर दिसतो, वाढून ४० सेंटीमीटरच्या पुढे जातो. तो टँक साफ करतो ही समजूत चुकीची आहे. शेवाळ थोडंफार खातो आणि त्याच्या कितीतरी पट घाण करतो.

गोल्डफिश थंड पाण्याचा, खादाड, १५ सेंटीमीटर आणि त्यावर जाणारा. त्याला दोन फुटी टँक नाही, आणि गरम पाण्याच्या माशांची सोबतही नाही. एंजल एक फूट उंचीच्या टँकमध्ये कोंबला जातो, आणि मोठा झाला की निऑन गिळतो. फायटर आणि लांब शेपटीचे गप्पी एकत्र नकोत, त्याला त्या शेपट्या दुसऱ्या फायटरसारख्या वाटतात. टायगर बार्ब दिसायला झकास, पण संथ माशांच्या पाठीमागे हात धुऊन लागतो. केरळकडचा वाटाण्याएवढा पी पफर गोड वाटतो, पर कुरतडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो वेगळ्या टँकचा विषय.

‘शार्क’ म्हणून चंदेरी, निळसर झाक असलेला एक मासा सर्रास विकतात. तो पंगॅसियस, नैसर्गिक पाण्यात मीटरभर वाढणारा. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुतेकदा हाच. आता दोन फुटांत त्याचं काय करणार?

सह्याद्रीतली मिस केरला, म्हणजे डेनिसन बार्ब, लाल-काळ्या पट्टीमुळे मोहात पाडते. ती थव्याने, थंड वाहत्या पाण्यात राहणारी, किमान चार फुटी टँक मागणारी आणि जागतिक लाल यादीत धोक्यात आलेली जात आहे. छोट्या टँकवाल्याने ती लांबूनच पाहावी.

आणि गुलाबी, जांभळे, हिरवे भडक रंग दिलेले ग्लास फिश. हा आपल्याकडचाच पारदर्शक मासा, अंगात सुईने रंग भरून विकतात. रंग काही महिन्यांत फिका होतो, माशाला जखमा आणि आजार होतात. घेऊ नका, आणि का घेत नाही तेही दुकानदाराला सांगा.

दुकानात उभं राहून काय बघायचं

ज्या दिवशी माल आला त्या दिवशी मासे उचलू नयेत. “माल कधी आला, दादा?” हा पहिला प्रश्न. आठवडाभर दुकानात तगलेला मासा घरीही तगण्याची शक्यता जास्त. ज्या टँकमधून घ्यायचा त्यात एखादा मेलेला मासा तरंगत असेल तर त्या टँकमधला दुसराही नको.

मग काचेजवळ जाऊन दोन मिनिटं नुसतं बघा. पर अंगाला चिकटवून बसलेला, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके असलेला, पोट आत गेलेला, खडीवर अंग घासणारा, थवा सोडून एकटा कोपऱ्यात थांबलेला असे मासे टाळा. शेवटी दुकानदाराला चिमूटभर खाणं टाकायला सांगा. जो झडप घालतो तो घ्या. यावर तोंड वाकडं करणारा दुकानदार असेल तर दुकान बदला.

पिशवी बांधताना पाणी एक तृतीयांश आणि बाकी हवा हवी. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

घरी आणल्यावर

आधी थवा, नंतर तळाचे, आणि हद्द धरणारा मासा सर्वांत शेवटी. उशिरा आलेल्याला जागा बळकावता येत नाही. प्रत्येक खेपेत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे जिवाणूंना वाढलेल्या घाणीइतकं वाढायला वेळ मिळतो. थव्याचे आठही मासे मात्र एकदमच आणलेले बरे. पूर्ण पिकलेल्या टँकला ते झेपतात. शंका असेल तर पहिले दहा दिवस अमोनिया रोज तपासा.

दुसऱ्या खेपेपासून नवे मासे थेट टँकमध्ये न सोडता २० लिटरच्या बादलीत किंवा क्रेटमध्ये दोन आठवडे वेगळे ठेवता आले तर उत्तम. त्यासाठी एक जास्तीचा छोटा स्पंज मुख्य टँकमध्येच ठेवून द्यावा, म्हणजे गरजेला पिकलेला फिल्टर हाताशी असतो.

सोडताना टँकचा दिवा बंद करा. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी आत घाला, असं चार-पाच वेळा. शेवटी मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता, टँकमध्ये नको. त्या दिवशी खाणं नाही.

पहिले काही आठवडे

नवीन आलेल्यांचा एक-दोन दिवस पाठलाग होणं नेहमीचंच. आठवड्यानेही एकच मासा सतत फिल्टरमागे लपलेला, शेपटी फाटलेली, खाण्याला पुढे न येणारा दिसला तर मात्र हात घालावा लागतो. थव्यातला असेल तर आधी थव्याची संख्या वाढवता येते का ते पाहा. मारकुटा एकच असेल तर त्याला तीन-चार दिवस बादलीत काढा आणि तेवढ्यात टँकमधले दगड, लाकूड, झाडं यांची जागा बदला. परत आल्यावर त्याची जुनी हद्द उरलेली नसते. तरीही वागणूक तशीच राहिली तर तो दुकानात परत द्यावा. बरेच दुकानदार पैसे न देता मासा ठेवून घेतात. नदीत, तळ्यात, देवळाच्या कुंडात कधीही सोडू नका. सकरसारखे परदेशी मासे असेच सुटून भारतातल्या कितीतरी पाणवठ्यांत माजलेत.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. गणपतीला चार दिवस गावाला जाताना शेजाऱ्यांकडे दाण्यांचा डबा देऊ नका, ते प्रेमाने मूठभर टाकतात. धडधाकट मोठे मासे चार दिवस न खाता आरामात राहतात. जास्त दिवस असतील तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या.

पाणी दर आठवड्याला पाव टँक बदलायचं, क्लोरीन काढून, आणि हाताला दोन्ही पाण्यांत फरक जाणवणार नाही इतपत तापमान जुळवून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे. आणि पुढेमागे थव्यातले एक-दोन गेले, संख्या सहाच्या खाली उतरली, की नवी जात शोधायला जाऊ नका, त्याच जातीचे आणून थवा पुन्हा आठवर न्या.